श्वासाचे माप

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहराच्या एका बाजूस समुद्र आहे, तर मागे डोंगरांची रांग. अशा ठिकाणी हवा निर्मळ असावी. परंतु वर उबदार हवेचा थर पसरला, की तो झाकणासारखा बसतो आणि लक्षावधी मोटारींचा धूर खालीच कोंडतो. १९४३ च्या जुलैत तेथे असे धुरके दाटले, की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. मोटारींच्या धुरावर ऊन पडून हे धुरके बनते, असे पुढे एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

डोळ्यांची आग तत्काळ कळते. फुप्फुसांचे नुकसान मात्र मुकाट्याने होत असते. मुलांच्या उंचीबरोबर त्यांची फुप्फुसेही वाढतात. मुलींमध्ये ही वाढ अठराव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते, मुलग्यांमध्ये त्यानंतर काही वर्षांनी. धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. नाकाच्या गाळणीतून निसटून ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे दाह उत्पन्न करतात.

१९९३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या प्रदेशातील बारा गावांतील शाळकरी मुलांची पाहणी आरंभिली. रीत साधी, पण मोठ्या चिकाटीची होती. मूल छाती भरून श्वास घेई व सारे बळ एकवटून तो एका नळीत सोडी; पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते यंत्र मोजी. दहा वर्षांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत हे मोजमाप दरवर्षी चालले. ज्यांची श्वासशक्ती अपेक्षेच्या ८० टक्क्यांहूनही कमी भरली, अशी मुले सर्वांत मलिन हवेच्या गावात सुमारे ८ टक्के होती. सर्वांत स्वच्छ हवेच्या गावात २ टक्केही नव्हती. दमा नसलेल्या मुलांतही हवेचा हा परिणाम आढळला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पाहणीतील काही मुले दुसरीकडे राहावयास गेली होती. त्यांपैकी जी अधिक स्वच्छ हवेत गेली, त्यांच्या फुप्फुसांच्या वाढीचा वेग वाढला.

दरम्यान कॅलिफोर्नियाने मोटारी, मालमोटारी व इंधन यांसंबंधी टप्प्याटप्प्याने कडक नियम केले. संशोधकांनी मग पाच गावांतील निरनिराळ्या काळांतील मुलांची तुलना केली. १९९४ ते १९९८ या काळातील मुलांत, पंधराव्या वर्षी श्वासशक्ती उणी असलेली मुले ७.९ टक्के होती. २००७ ते २०११ च्या मुलांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. या अवधीत तेथील रस्त्यांवरची रहदारी काही घटली नव्हती.