मातीचा रंग

(अगदी साध्या मातीपासून मिळणाऱ्या एका टिकाऊ रंगाची माहिती या पाठात दिली आहे.)

रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर तांबडे-पांढरे पट्टे तुम्ही पाहिले असतील. पांढरा पट्टा चुन्याचा आणि तांबडा पट्टा गेरूचा असतो. बागेतल्या कुंड्यांनाही गेरू लावतात. आपण उर्दूतही त्याला ‘गेरू’च म्हणतो.

गेरू ही एक प्रकारची माती आहे. ओलसर जागी ठेवलेला खिळा गंजतो आणि तांबूस होतो. मातीतल्या लोखंडाचेही तसेच होते. या गंजामुळेच गेरूला रंग येतो. गंजात पाण्याचा अंश असला, तर माती पिवळी दिसते. नसला, तर तांबडी दिसते. त्यात मँगनीज मिसळलेले असले, तर ती तपकिरी दिसते. पिवळी माती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की तिच्यातला पाण्याचा अंश निघून जातो आणि पिवळ्या मातीचा गेरू होतो!

माणसाची आणि गेरूची ओळख फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाची एक गुहा आहे. तेथे २००८ साली संशोधकांना दोन मोठे शिंपले सापडले. त्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडांतली चरबी मिसळून रंग कालवलेला होता. हे शिंपले सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे आहेत. माणूस शेती करायला शिकला नव्हता, तेव्हाही त्याला रंग कालवता येत होता.

आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांतही हा रंग आहे. तेथील चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी वापरली. फक्त निळ्या रंगाचा दगड दूरच्या अफगाणिस्तानातून येत असे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल या चित्रकाराने या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती काढल्या. १८६६ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. भिंतीवरची सुमारे दीड हजार वर्षांची मूळ चित्रे मात्र आजही पाहता येतात.

फुलापानांचे रंग उन्हाने फिके पडतात. गेरूचा रंग तसा उडत नाही. पण भिंतीचा गिलावा निघाला, की त्याबरोबर चित्रही जाते. कोणी चित्रांना हात लावतात, तर कोणी भिंतीवर आपले नाव कोरतात. काळाने जे राखले, ते माणसाच्या एका ओरखड्याने नाहीसे होते. म्हणून लेणी पाहायला जाल, तेव्हा चित्रे डोळ्यांनीच पाहा.

शब्दार्थ : बुंधा – झाडाच्या खोडाचा खालचा भाग, गंज – जंग, टिकाऊ – पायदार, प्रत – नक्कल, गिलावा – पलस्तर, ओरखडा – खरोंच.

स्वाध्याय
१. पिवळ्या मातीचा गेरू कसा होतो?
२. ब्लॉम्बोसच्या गुहेत काय सापडले?
३. कारण सांगा : अजिंठ्याच्या चित्रांना हात लावू नये.
४. तुमच्या गावात गेरू कोठे कोठे वापरतात? पाच वाक्ये लिहा.