मेरुमणी यायच्या आत

अगं, काल रात्री तू लेकाचा फोटो पाठवलास ना, बेसबॉलच्या माउंडवर उभा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तो मी झोपायच्या आधी चार वेळा उघडून पाहिला. केवढा उंच झालाय! पण खाली तू सहज लिहिलं होतंस, ‘सकाळच्या मॅचला ४८ पिच टाकले, दुपारी कॅचर होता, सोमवारी शाळेच्या टीमबरोबर बुलपेन आहे’, आणि माझी झोपच उडाली. फोनवर बोलले असते तर ‘ताई, तू ना उगाच काळजी करतेस’ म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

मागच्या वर्षीपर्यंत तो ४६ फुटांवरून टाकत होता. यंदा मोठं मैदान, ६० फूट ६ इंच. मेजर लीगचे बाप्येही तेवढ्याच अंतरावरून टाकतात. अंतर एका उन्हाळ्यात साडेचौदा फुटांनी वाढलं, हाडं मात्र तेरा वर्षांचीच आहेत. त्यात हा त्याचा पहिला पुरा सीझन. वसंतात शाळा, उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीम, मग फॉल बॉल. आमच्या थोरल्याचं अगदी हेच वर्ष होतं, आणि तेव्हा काय झालं ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. लाज वाटायची.

तोही दोन टीममध्ये होता. दोन्ही कोच भले, दुसऱ्यांच्या पोरांसाठी आपले शनिवार-रविवार देणारे. दोघं आपापल्या मॅचचे पिच चोख मोजायचे. पण याचे आकडे त्याला माहीत नाहीत, त्याचे याला नाहीत. दर इनिंगआधीचे वॉर्म-अपचे चेंडू, बुलपेनमधला सराव, अंगणात बाबाबरोबरची फेकाफेक यातलं तर कुणीच काही धरत नव्हतं. बेरीज करू शकणारी त्या पोराच्या आयुष्यात एकच व्यक्ती होती, गाडी चालवणारी, म्हणजे मी. आणि मी मागच्या सीटवर संत्र्याच्या फोडी पोचवत होते.

कळलं कसं, ते ऐक. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. एका रविवारी मॅचहून आलो, तिनं वरणभात वाढला. हा डाव्या हातानं जेवायला लागला. आई म्हणाली, ‘अरे, डाव्या हातानं काय जेवतोस?’ त्यानं मुकाट्यानं हात बदलला, घास कालवला, आणि तोंडाशी नेताना कोपर पुरतं वाकेना. मान खाली घालून तोंडच घासाकडे नेलं त्यानं. ते मी पाहिलं आणि पोटात गोळा आला. तीन आठवडे दुखत होतं बयो, तीन आठवडे. आम्ही ‘दुखतंय का रे?’ विचारायचो आणि तो ‘नाही’ म्हणायचा, कारण दुखतंय म्हटलं की माउंड जाणार.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून शेजारीशेजारी लावले. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड अजून वाढत असतं. वाढीची ती जागा कूर्चेची, लिगामेंटपेक्षाही कच्ची. मोठ्या पिचरचा लिगामेंट फाटतो, मुलांची ती कूर्चाच ओढली जाते. उजव्या कोपरात ती फट रुंदावलेली मलासुद्धा दिसली. तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही, असं सांगितलं. तो परत खेळला, नीट खेळला. पण ते तीन महिने मीच त्याच्यावर आणले, हे मी विसरलेले नाही.

आता आकडे सांगते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच टाकायचे. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, ३५ पर्यंत एक दिवस विश्रांती, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस. म्हणजे तुझ्या लेकाच्या शनिवारच्या ४८ ला रविवार आणि सोमवार सुट्टी. सोमवारचं बुलपेन तर नकोच. आणि ४८ टाकल्यावर दुपारी कॅचर? लिटल लीगमध्ये ४१ पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर होताच येत नाही, कारण कॅचर मॅचभर चेंडू परत फेकतच असतो. ट्रॅव्हलच्या काही स्पर्धा मात्र पिचऐवजी इनिंग मोजतात. एक इनिंग नऊ पिचमध्ये संपते, एक पस्तिसात. तेव्हा स्पर्धेच्या नियमात बसतंय म्हणून निश्चिंत राहू नकोस.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते दोन अभ्यासांनी. दोन्ही अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या एका संस्थेचे. एकात ४८१ मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. दुसऱ्यात ऑपरेशन झालेल्या मुलांची धडधाकट मुलांशी तुलना केली. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना धोका ३६ पट. छत्तीस! आपण आया कर्व्हबॉलच्या नावानं घाबरतो, पण त्या दहा वर्षांच्या अभ्यासात कर्व्हबॉलवर दोष सिद्ध झाला नाही. घात करतो तो अतिरेक आणि थकवा.

थकवा विचारून कळत नाही, बघून कळतो. स्कोअरबोर्ड सोड, त्याच्या कोपराकडे बघ. दमला की कोपर खांद्याच्या खाली येतं, चेंडू वर वर जायला लागतात, दोन पिचच्या मध्ये तो हात झटकतो, उगाच बुटाची लेस बांधत बसतो. दुसऱ्या दिवशी दंड भरून येणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं. पण सांध्याच्या आत दुखलं, हात सरळ होईना, रात्री दुखण्यानं जाग आली, तर तडक डॉक्टर गाठ. आणि मॅचच्या आधी दुखणं मारायची गोळी कधीही देऊ नकोस. दुखणं हा त्याचा एकमेव खरं बोलणारा साक्षीदार आहे, त्याचं तोंड बंद करू नकोस.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला माहीत आहे. ‘आम्ही शिवाजी पार्कला दिवसभर नेटमध्ये बॉलिंग टाकायचो, काय झालं?’ त्याला प्रेमानं सांग, क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून टाकतात. इथे कोपर वाकवून झटक्यात सोडायचं असतं आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. शिवाय आता क्रिकेटवालेही पोरांची षटकं मोजतात. आणि ते वेग मोजायचं रडार त्यानं घेतलंय ना, ते कपाटात ठेव. तेराव्या वर्षी वेगाचा आकडा पुढे ठेवला की पोरगा प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकतो.

मोठा सामना हातचा जाईल म्हणून तुमचा जीव कासावीस होईल, तेव्हा जपानच्या रोकी सासाकीची आठवण ठेव. २०१९ साली तो शाळेत होता, इवाते प्रांताच्या स्पर्धेत. एका सामन्यात त्यानं १९४ पिच टाकले, उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना, जिंकलं तर कोशिएनची राष्ट्रीय स्पर्धा, जपानच्या प्रत्येक शाळकरी खेळाडूचं स्वप्न. कोचनं त्याला उतरवलंच नाही. संघ हरला, शाळेत तक्रारींचे फोन आले. व्यावसायिक झाल्यावरही पहिलं अख्खं वर्ष त्याला एकाही सामन्यात टाकू दिलं नाही, नुसतं अंग कमावू दिलं. १० एप्रिल २०२२ ला, विशीत, त्यानं पर्फेक्ट गेम टाकला, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, १९ स्ट्राइकआउट. पुढच्याच सामन्यात आठ इनिंग पुन्हा निर्दोष, १०२ पिच, आणि त्याला बाहेर घेतलं. त्या कोचचा विचार मी फार करते. हरण्याचा सगळा बोल त्यानं स्वतःवर घेतला. सासाकीला २०२५ मध्ये खांद्यानं त्रास दिला, हेही सांगते. जपलं म्हणून काही होणारच नाही असं वचन कुणी देत नाही. पण तेराव्या वर्षी आपल्या हातात असतं तेवढं तरी करावं.

तुझ्याकडे एक जास्तीची अडचण आहे. आमच्या न्यू जर्सीत बर्फ पडतो, मैदानं आपोआप बंद होतात. टेक्सासात बारा महिने ऊन, बारा महिने स्पर्धा. वर्षातून चार महिने तरी पिचिंग बंद हवं, त्यातले दोन-तीन महिने सलग काहीच फेकायचं नाही. तो बर्फ तुला पाडायला लागेल. फॉल बॉल सोड यंदा. बास्केटबॉल खेळू दे, सायकल चालवू दे. टीममधली जागा जाईल म्हणून तो रडेल. रडू दे, जवळ बस.

कोचशी भांडायची गरज नाही. दोघांना एकाच मेसेजमध्ये घे आणि दर रविवारी आकडे पाठव. इतके टाकले, अमुक दिवसापर्यंत सुट्टी. मी केलं तेव्हा एका कोचनं उलट आभार मानले.

आणि मोजायचं कसं? ॲप आहेत, पण मी आईकडून शिकले. थोरल्याचा हात बरा झाल्यावर पुढच्या वर्षी आई पुन्हा आली, तेव्हा मैदानावर घडीच्या खुर्चीत शाल घेऊन बसायची आणि जपमाळेवर पिच मोजायची. बॉल काय, स्ट्राइक काय, तिला कळत नव्हतं. हातातून सुटला की एक मणी. माळेचे १०८, आपली हद्द ९५. ती म्हणायची, ‘मेरुमणी यायच्या आत पोराला बसवा.’ सत्तरच्या पुढे गेलं की माळ उचलून मला लांबून दाखवायची, आणि मी कोचकडे चालायला लागायचे.

ती माळ माझ्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा घेऊन येते. तोवर फ्रिजवर एक वही अडकव, शनिवारचे ४८ तारखेसकट लिही, आणि सोमवारच्या बुलपेनला तो येणार नाही असं आजच कळवून टाक.