जुन्या संगणकातील शिल्लक पुढे ओढताना

वर्षअखेरीस आपण जुन्या खातेवहीतील शिल्लक नव्या वहीत ओढतो. मात्र तेरीज जुळल्याखेरीज जुनी वही माळ्यावर टाकीत नाही. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरील मजकूर नव्या यंत्रात नेणे हे याच जातीचे काम आहे. काकांच्या कापड दुकानातील संगणकाचे हे काम मी नुकतेच केले. त्यातून उमगलेल्या गोष्टी विद्यार्थी मित्रांसाठी क्रमाने मांडतो.

प्रथम जोडणी. जुन्या डिस्कला चाळीस पिनांची रुंद पट्टी असते; नंतरच्या 'साटा' डिस्कची वायर अरुंद असते. दोन्ही यूएसबीला जोडणारी साधने मिळतात. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो, हे ध्यानात ठेवावे. ८० जीबी मजकूर सेकंदाला ३० एमबी या वेगाने उतरला, तर पाऊण तास लागतो.

दुसरे, काय न्यावयाचे? कार्यक्रम नुसते उचलून नेता येत नाहीत; ते नव्याने बसवावे लागतात. न्यावयाची ती आपली कागदपत्रे. 'विंडोज एक्सपी'त ती बहुधा 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या कप्प्यात असतात. टॅलीचा हिशेब मात्र स्वतंत्र ठिकाणी असतो. त्याचा बॅकअप टॅलीतूनच घ्यावा. फार जुन्या आवृत्तीचा हिशेब नवी आवृत्ती सरळ वाचीलच असे नाही. मधे रूपांतर करावे लागते.

तिसरी अडचण आपल्या भाषांची आहे. 'श्रीलिपी'सारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली पत्रे नव्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. फाईल शाबूत असते. परंतु तीत मराठी अक्षरे नसून केवळ संकेत असतात, आणि ते अक्षररूपाने दाखविणारा फाँट मागेच राहिलेला असतो. 'नुडी'त टंकलेल्या जुन्या कन्नड पत्रांचीही हीच गत. म्हणून फाँट सोबत न्यावा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडमध्ये देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतंत्र जागा आहेत; त्यामुळे अक्षर एका फाँटवर अवलंबून राहात नाही.

शेवटी तेरीज. दोन्हीकडील फाईलींची संख्या व एकूण बाइट जुळवावेत. एवढ्यावर न थांबता दरवर्षीची एकेक फाईल उघडून पाहावी. टॅलीत मार्चअखेरची शिल्लक दोन्ही यंत्रांवर ताडून पाहावी.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा नव्या यंत्राखेरीज आणखी एक प्रत वेगळ्या जागी असावी. आणि जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती पूर्णपणे पुसून घ्यावी. नुसते 'डिलीट' म्हणजे अनुक्रमणिका फाडणे. वहीची पाने तशीच राहतात, आणि त्यांवर गिऱ्हाइकांची नावे व उधारी असते.