मांजर पाळताय? आधी हे वाचा!

सेकंड इयरला आमच्या हॉस्टेलवर एक मांजर होती. करड्या रंगाची, शेपटीला काळे पट्टे. एकदा मीटर बॉक्सच्या मागे जाऊन बसली नि नेमके त्याच रात्री लाईट गेले, म्हणून नाव पडलं 'फ्यूज'. मेसमधून तिला दूध-पोळी यायची, कधी पोहे, कधी रस्सा. परीक्षेच्या दिवसांत तर सगळ्या विंगचं टेन्शन तिच्या पाठीवरून हात फिरवूनच उतरायचं.

एका रात्री तिचं अंग तापल्यासारखं वाटलं. दोन दिवस खाल्लंही नव्हतं. आमच्यापैकीच एकाने तापाची गोळी काढली, अर्धी केली, चुरा करून दुधात मिसळून पाजली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आम्ही सगळे शेजारी उभे राहून "हळू पाज, हळू पाज" म्हणत होतो. सकाळी तिचं तोंड सुजलेलं, हिरड्या तपकिरी. दुपारपर्यंत फ्यूज गेली.

पुढे लायब्ररीत आणि इकडेतिकडे शोधून जे वाचलं, ते आधी वाचलं असतं तर ती वाचली असती. म्हणून हा पुस्तकांचा परिचय. मांजरांवरची पुस्तकं म्हटली की लोक लगेच गोष्टींची नावं सांगतात. मी क्रम उलटा लावणार आहे. गोष्टी शेवटी.

पहिलं पुस्तक डेल्बर्ट कार्लसन आणि जेम्स गिफिन या पशुवैद्यांचं, 'कॅट ओनर्स होम व्हेटरनरी हँडबुक'. पहिली आवृत्ती 1983 ची. जाड, इंग्रजी, आणि दिसायला आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाइतकंच रुक्ष! पण विषबाधेचं प्रकरण आधी उघडा. एक अडचण सांगून ठेवतो. अनुक्रमणिकेत 'पॅरासिटॅमॉल' शोधत बसू नका. अमेरिकेत त्याच औषधाला 'अ‍ॅसिटामिनोफेन' म्हणतात.

हे औषध आपल्याला चालतं नि मांजराला का चालत नाही? आपलं लिव्हर या औषधाला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं आणि ते बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरमध्ये हे जोडकाम करणारं एन्झाइम जवळजवळ नाहीच. मेन लाईनच बंद, म्हणून माल दुसऱ्या वाटेने जातो आणि तिथे विषारी पदार्थ तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप करून टाकतो की ते ऑक्सिजन वाहूच शकत नाही. हिरड्या तपकिरी होतात त्या यामुळे. तीन किलोच्या मांजराला अर्धी गोळी जीवघेणी ठरू शकते. यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन. तो माणसांच्या दवाखान्यातही असतो. पण तो पशुवैद्याकडून आणि वेळेत मिळायला हवा. सकाळची वाट पाहण्यात आमचे सहा तास गेले.

त्याच पुस्तकाने आमचा रस्साही गोत्यात आणला. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असला तरी. आणि मेसमध्ये बिनकांद्याची भाजी कधी असते? दुधाचंही तेच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. आणि नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगतच नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, आणि मिळतं फक्त मांस-मासळीतून. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे 1987 मध्ये पॉल पायन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं. डोळेही जातात.

हे वाचताना मला जऊळक्याची आजी आठवली. आमच्या घरी तुरीची, सोयाबीनची पोती ठेवायची खोली आहे आणि तिथे पिढ्यान् पिढ्या मांजरं आहेत. मी लहानपणी वाटीभर दूध ठेवलं की आजी ओरडायची, "बाप्पा, तिले येवढं दूध पाजू नोको, मंग ते उंदीर कायले धरीन?" मला तो कंजूषपणा वाटायचा. पण उंदराच्या अंगात टॉरिन भरपूर असतं! आजीच्या मांजरी दूध-भाकरीवर नव्हे, पोत्यांमागच्या उंदरांवर जगत होत्या. आम्ही मात्र फ्यूजला तिसऱ्या मजल्यावर ठेवून मेसवर पोसत होतो. असो.

आता स्वभावाची पुस्तकं. डेस्मंड मॉरिस यांचं 'कॅटवॉचिंग' (1986) हे प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक आहे. मांजर गुरगुरतं का, मारलेला उंदीर आणून दाखवतं का, असले प्रश्न. झोपण्यापूर्वी दोन पानं वाचावीत. पण एकच घ्यायचं असेल तर जॉन ब्रॅडशॉ यांचं 'कॅट सेन्स' (2013) घ्या. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच 'म्याव' करतात, ते मुख्यतः माणसांसाठी असतं. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या वयात. तेव्हा त्याला कुणी हाताळलं नसेल तर पुढे ते माणसाला बुजतं. जिन्याखालचं पिल्लू 'माणसाळत नाही' म्हणून चिडणाऱ्यांनी एवढा भाग तरी वाचावा.

शेतात सापडलेल्या पिल्लांबद्दल एक सूचना. आपल्याकडे रानमांजर आहे, वाघाटी आहे. वाघाटी तर जेमतेम दीड किलोची, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी. त्यांची पिल्लं घरच्या मांजरासारखीच दिसतात आणि पोरं उचलून आणतात. कायद्याने ती पाळता येत नाहीत, आणि आई बहुतेक जवळपासच असते. ओळख पटवायला विवेक मेनन यांचं 'इंडियन मॅमल्स' जवळ ठेवा. मराठीत वाचायचं तर मारुती चितमपल्ली. विदर्भाच्या जंगलात नोकरी केलेल्या या माणसाने 'रानवाटा' लिहिलं आणि 'प्राणिकोश'ही केला. 2025 मध्ये ते गेले.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी ग्रेगरी गबर यांचं 'फॉलिंग फीलाइन्स अँड फंडामेंटल फिजिक्स' (2019). उलटं सोडलेलं मांजर पायांवरच कसं पडतं? ढकलायला हवेत काहीच नाही, एकूण कोनीय संवेग शून्य, तरी ते वळतं! मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये याचे सलग फोटो काढले. 1969 मध्ये केन आणि शेर यांनी कमरेत वाकलेल्या दोन भागांचं गणित मांडून ते सोडवलं. अंतराळवीराला आधाराशिवाय कसं वळता येईल, याच्याशीही त्या गणिताचा संबंध आहे. मेकॅनिक्सचा एक युनिट मला इथे समजला, वर्गात नाही. (सरांनी हे वाचू नये.) हा प्रयोग कुणी गच्चीवरून करून बघू नका.

मांजराने रिसर्च पेपर लिहिल्याचंही ऐका. 1975 मध्ये जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' वापरलं होतं. एकाच लेखकाला ते चालणार नाही असं सहकाऱ्याने सांगितलं. टाईपरायटरवर सगळं पुन्हा कोण टाईप करणार? त्यांनी आपल्या चेस्टर मांजराचं नाव 'एफ. डी. सी. विलर्ड' असं करून सहलेखक म्हणून घातलं. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने पेपर छापलाही!

आता गोष्टी. जपानी सोसेकी यांचं 'आय अ‍ॅम अ कॅट' 1905-06 मध्ये मासिकातून आलं. एका मास्तराच्या घरचं बिननावाचं मांजर मास्तराची आणि त्याच्या विद्वान मित्रांची टिंगल करतं. स्टाफरूमसाठी खास शिफारस. नीलांजना रॉय यांचं 'द वाइल्डिंग्ज' (2012) दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या मांजरांचं आहे. 'बोक्या सातबंडे' मात्र या यादीत नाही, त्यातला बोक्या हा मुलगा आहे! डोरिस लेसिंग यांचं 'पर्टिक्युलरली कॅट्स' (1967) हळव्या वाचकांनी जपून वाचावं. आफ्रिकेतल्या शेतावर मांजरं आवाक्याबाहेर वाढतात आणि वडिलांवर ती मारण्याची वेळ येते. नऊ आठवड्यांत पिल्लं होतात आणि सहा महिन्यांचं पिल्लूही गाभण राहू शकतं. नसबंदीवर कितीही पोस्टर लावा, या पुस्तकाइतकं पटत नाही.

जेम्स हेरियट यांचं 'कॅट स्टोरीज' (1994) मी सगळ्यांत शेवटी वाचलं. यॉर्कशायरचा हा गुरांचा डॉक्टर. त्यात ऑस्कर नावाचं मांजर गावातल्या सभा-समारंभांना न चुकता हजर राहतं, आणि डेबी नावाची मरायला टेकलेली भटकी मांजर आपलं पिल्लू तोंडात धरून ओळखीच्या बाईंकडे आणून ठेवते. अकोल्याहून गाडीत बसलो की जऊळक्यापर्यंत दोन गोष्टी आरामात होतात. डेबीची मात्र मी गाडीत अर्धीच वाचली, समोर ओळखीचे काका बसले होते. उरलेली घरी, पोत्यांच्या खोलीत जाऊन संपवली.