कामगार राज्य विमा : पहिल्या दिवसाची नोंद

आजारपण कामगाराच्या घरी दुहेरी संकट होऊन येते. औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी रोजगार बुडतो. यावर उपाय म्हणून १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ही योजना लागू होते. मासिक वेतनाची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ पासून मालकाचे अंशदान ३.२५ टक्के, तर कामगाराचे ०.७५ टक्के ठरविण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वैद्यकीय उपचाराचा हक्क पहिल्या दिवसापासून मिळतो. आजारपणाच्या भत्त्यासाठी मात्र सहा महिन्यांच्या अंशदान-कालावधीत सर्वसाधारणपणे ७८ दिवसांचे अंशदान जमा व्हावे लागते. हा भत्ता वेतनाच्या ७० टक्के असून वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. नोंदणी लांबली की हा हक्कही लांबतो, आणि आजार काही थांबून राहत नाही.

म्हणून मालकांनी कामगार रुजू होताच त्याची व त्याच्या कुटुंबीयांची नोंद करावी. कामगारांनी आपला विमा क्रमांक मागून घ्यावा. गावातून कारखान्यात जाणाऱ्या तरुणांना एवढे सांगून ठेवणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज करता येण्यासारखे कार्य आहे.