नातू गॅलरीत सिगारेट ओढतो तेव्हा

लष्करातला नातू शुक्रवारी घरी येतो, आजीच्या हातचे माशाचे कालवण पोटभर जेवतो आणि हळूच गॅलरीत जातो. मग धुराचा वास आत येतो. "सिस्टर, ह्याला काय सांगू?" असे फोन मला अजून येतात.

कॅन्सरची भीती घालू नका. विशीतल्या पोराला साठीतला आजार दिसत नाही. त्याला तिशीचा हिशेब सांगा. डॉ. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सिगारेटींचा १९५१ पासून पन्नास वर्षे माग ठेवला. तरुणपणी लागलेली सिगारेट शेवटपर्यंत न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटले. ज्यांनी तिशीच्या सुमारास सोडली, त्यांचे जवळजवळ सगळे नुकसान टळले. म्हणजे आपल्या नातवाच्या हातात अजून वेळ आहे.

"आजी, मी दिवसाला एकच ओढतो," असे तो म्हणेल. पण हृदयविकाराचा जादा धोका असा भागून कमी होत नाही. वीस ओढणाऱ्याला जो असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास एक ओढणाऱ्यालाही असतो.

आणि ती नर्गिला, म्हणजे आपला हुक्का! पाण्यातून धूर धुऊन निघतो, असे ह्या मुलांना वाटते. पाणी धूर फक्त थंड करते, आणि थंड म्हणून तो जास्त खोल ओढला जातो. तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या १०० पट किंवा त्याहूनही जास्त धूर आत जाऊ शकतो. वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड असतोच. सफरचंदाच्या सुवासाला भुलू नका.

कुपत होलीममध्ये सिगारेट सोडण्याचे वर्ग फुकट असतात. वर्गात नाव घातले की डॉक्टरच्या चिठ्ठीने गोळ्याही सवलतीत मिळतात. नुसत्या निश्चयापेक्षा वर्ग आणि औषध मिळून जास्त जणांची सुटते. पहिले तीन-चार दिवस तो चिडेल, खेकसेल. तेव्हा वाद नको. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यात थंड पाणी द्या, चिमूटभर बडीशेप द्या, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात काहीतरी आणायला पाठवा. पुन्हा ओढली, तरी टोमणा मारू नका. बरेच जण दोन-तीनदा सोडून मगच कायमची सोडतात.

घरात आजोबाही ओढत असतील, तर त्यांनी नातवाबरोबरच वर्गात नाव घालावे. साठीला सोडणाऱ्यांचेही आयुष्य सरासरी ३ वर्षांनी वाढते, असे डॉ. डॉल यांच्या त्याच पाहणीत दिसले आहे.