आधी हात सैल सोड

मने, काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, मला काइट सर्फिंग शिकायचंय, पण पुण्यात बसून काय होणार?" अगं, बरंच होतं. गोव्यातल्या मोरजीच्या वाळूवर पाय ठेवायच्या आधी इथेच खूप करून घेता येतं.

पोहणं तर हवंच. टिळक तलावात वीस मिनिटं सलग, दम न लागता पोहता येईपर्यंत गोव्याचं तिकीट काढू नकोस. वेगाचं काही नाही गं. तोंडावर लाट आली तरी जीव घाबरा होता कामा नये, एवढंच. आणि एखाद्या रविवारी लोणावळा लोकलने कामशेतला जा. तिथे पॅराग्लायडिंग शिकणारी मुलं उडण्याआधी जमिनीवरच छत्री वाऱ्यावर उभी धरायला शिकतात. ते एकदा स्वतः करून बघ. कापडात वारा भरला की अंगाला काय ओढ लागते, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

आता मला खरं सांगायचंय ते ऐक. संक्रांतीला गच्चीवर आपण मांजा ओढला की पतंग वर चढायचा. तीच सवय काइट सर्फिंग शिकताना मला नडली. त्यातला पतंग नऊ-दहा चौरस मीटरचा, वीसेक मीटरच्या दोऱ्यांवर. हातातला दांडा जवळ ओढलास की पतंगाची ताकद वाढते, लांब सोडलास की कमी होते. समोरचं आकाश घड्याळासारखं समज. डोक्यावर बाराला पतंग शांत असतो, पण समोर खाली मधोमध आला की सगळ्यात जास्त खेचतो. शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी माझा पतंग तिकडे झुकला. मी घाबरले, मूठ आवळली, दांडा पोटाशी घेतला, आणि गुडघाभर पाण्यातून फरफटत गेले. दोन्ही गुडघे सोलले. दांडा नुसता सोडला असता तर तो आपोआप लांब सरकला असता आणि ओढ कमी झाली असती. तरीही खेचलं तर कमरेला बांधलेल्या हार्नेसपाशी सुटकेची कळ असते. ती डोळे मिटून सापडेपर्यंत सराव कर. पायाखालचा बोर्ड तिसऱ्या दिवशी मिळाला तरी रुसू नकोस. आधी नुसत्या पतंगाने स्वतःला पाण्यातून ओढून घ्यायला शिकवतात, आणि तेच बरोबर आहे.

"माझ्या हातात जोर नाही" म्हणालीस ना? ओढ हातांवर येतच नाही, कमरेच्या हार्नेसवर येते, आणि पतंगाचा आकार तुझं वजन आणि वारा बघून ठरतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा पुरुषांइतकीच बायकांचीही शर्यत होती.

भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? गोव्यात सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यात पतंग उघडायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तो तुला समुद्रात आत घेऊन जाईल. दुपारी जमीन तापली की खारा वारा किनाऱ्याकडे येतो, म्हणून शिकवणी दुपारीच असते. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धर. मोरजीला कासवांची अंडी जपायला कुंपण घातलेलं असतं, त्या बाजूला पतंग उतरवू नकोस. पुढे रामेश्वरमला जा. तिथलं पाणी उथळ आणि सपाट आहे, पडलीस तरी पाय टेकतात.

शिकवणाऱ्याला आधीच विचार: एका वेळी किती जणांना शिकवता, बचावाची बोट आहे का, हेल्मेट आणि तरंगतं जाकीट देता का. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघ. पतंग विकत मात्र आत्ताच घेऊ नकोस. आणि हार्नेसच्या खाली अंगभर रॅशगार्ड घाल, नाहीतर कमरेला काळंनिळं होतं.

आईला मी सांगते. तू शनिवारी सकाळी सातला तलावाच्या दारात ये. पोहायचे चष्मे माझ्याकडे दोन आहेत.